इंडी रॉकचा शो: साउंड चांगला म्हणजे शो चांगला?

(इंडी रॉक, म्हणजे मोठ्या कंपन्यांबाहेर वाढलेलं गिटारप्रधान रॉक, याच्या शोंबद्दलची ही चर्चा. प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

खर्ज

“साउंड काही खास नव्हता, पण शो भन्नाट झाला.” इंडी रॉकच्या चाहत्यांकडून हे वाक्य सारखं ऐकू येतं आणि मला ते अजिबात पटत नाही. या संगीताचा जीव शब्दांत आहे. ओळ कानावर नीट पडली नाही तर उरतो नुसता गोंगाट. त्यालाच भन्नाट म्हणायची सवय लागली की बँडही सुधारत नाहीत.

दोष दरवेळी साउंडवाल्याच्या माथी मारला जातो. खरं तर दोनशे-तीनशे माणसांच्या हॉलमध्ये शब्द कळणार की नाही हे मंचावरच ठरून गेलेलं असतं. गायक ड्रमच्या पुढे दोन-अडीच मीटरवर उभा असतो. माइकचं तोंड त्याच्याकडे, म्हणजे त्याच्या मागच्या सिंबलकडेही (ड्रमच्या झांजांकडेही). इंडीतले बरेच गायक ओठांतल्या ओठांत गातात, त्यामुळे त्या चॅनेलचा गेन (माइकचा आवाज वाढवण्याचं प्रमाण) सगळ्यात चढा ठेवावा लागतो. आता गाणाऱ्याचा आवाज वर घेतला की सिंबलही तितकेच वर येतात. कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबून लहान-मोठ्यातला फरक कमी करणारं यंत्र) लावला तर आणखी पंचाईत. दोन ओळींच्या मधे गायक श्वास घ्यायला थांबतो, कॉम्प्रेसर पकड सोडतो आणि त्या मोकळ्या जागेत सिंबलचा फवारा उसळतो. ३ ते ८ किलोहर्ट्झचा पट्टा कापून तो दाबावा म्हटलं, तर स, श, त, च ही व्यंजनंही तिथेच राहतात. सिंबल गेले, सोबत शब्दही गेले.

उपाय सगळे बँडच्या हातातले आहेत. गायकाने ओठ माइकच्या जाळीला टेकवून गावं. अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबल जातात, म्हणजे २ सेंटिमीटरवरून ८ वर गेलं की १२ डेसिबलचं नुकसान. जाळी मुठीत धरू नये. मागच्या फटी झाकल्या की माइक चहूबाजूंनी ऐकू लागतो आणि शिट्टी मारतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गिटारचा अ‍ॅम्प. तो जमिनीवर ठेवला की वादकाच्या पोटऱ्यांना ऐकू जातो. १२ इंची स्पीकरमधला ट्रेबल टॉर्चच्या झोतासारखा सरळ जातो, त्यामुळे वरून ऐकणाऱ्या वादकाला सूर मऊ वाटतो, तो ट्रेबल आणि व्हॉल्यूम दोन्ही चढवतो, आणि समोरच्या तिसऱ्या रांगेतल्या माणसाच्या कानात सुई घुसते. अ‍ॅम्प खुर्चीवर चढवा किंवा मागे कलता ठेवा, झोत वादकाच्या कानाकडे वळवा. तो आपणहून आवाज कमी करतो.

उलटी तार

खर्ज, तांत्रिक बाजू मान्य. पण तुम्ही जे सांगताय ते साउंड स्वच्छ कसा करावा याबद्दल आहे. शब्द स्वच्छ ऐकायचे तर अल्बम आहेच की. शो मोठा होतो तो पुढच्या मिनिटाला काय होणार हे मंचावरच्यांनाही पक्कं माहीत नसतं तेव्हा.

फुगाझी हा अमेरिकन बँड घ्या. १९८७ ते २००२ या काळात त्यांनी सेटलिस्ट (गाण्यांची ठरलेली यादी) न लिहिता शो केले. एकाने गाणं सुरू करायचं, बाकीच्यांनी ओळखून आत शिरायचं. हे नुसत्या धाडसाने होत नाही. कुठल्याही गाण्यातून कुठल्याही गाण्यात जाता आलं पाहिजे, त्यासाठी सगळा संग्रह एकाच ट्यूनिंगमध्ये (तारांच्या सुरांच्या जुळणीत) किंवा फार तर दोन ट्यूनिंगमध्ये बसवलेला हवा, शेवट कुणाच्या खुणेवर होणार हे ठरलेलं हवं आणि ड्रमरचे डोळे कायम वर हवेत. त्यांच्या आठशेहून जास्त शोंची रेकॉर्डिंग आहेत, २०११ पासून ती लोकांसाठी खुली होत गेली. ओळीने चार ऐका. कॅसेटगणिक साउंड बदलतो, कुठे ढणढणाट, कुठे गुदमरलेला. पण गाण्यांची साखळी प्रत्येक वेळी वेगळी जुळते आणि ऐकणारा जागा राहतो.

यो ला टेंगो या बँडने २०११ च्या दौऱ्यात प्रेक्षकांतल्या एकाला मंचावर बोलावून मोठं चक्र फिरवायला लावलं आणि काटा जिथे थांबेल त्याप्रमाणे पहिला भाग सादर केला. अशा वेळी गायकाचा ‘श’ नीट पोचला की नाही याची मोजदाद कुणी करत नाही.

ठेका

दोघांनीही ड्रमरला साक्षीदार केलंय, आरोपी कुणीच केलं नाही. छोट्या हॉलमधला मास्टर व्हॉल्यूम म्हणजे ड्रमरचा हात. स्नेअर (मधला चरचरीत ड्रम) जोरात वाजला की गिटारवाला त्याच्यावर चढतो, बेस गिटारवर चढतो, आणि गायक सगळ्यांच्या खाली गाडला जातो. गिटारचा अ‍ॅम्प कमी करा म्हणून वाद घालण्यापेक्षा ड्रमरला जाड ५बी ऐवजी बारीक ७ए काठ्या द्या, हाय-हॅट (पायाने उघडझाप होणारी झांजांची जोडी) अर्धा उघडा ठेवून कोरसभर झोडपायची सवय मोडा आणि पातळ, झटकन विझणारे सिंबल लावा. जाड सिंबल हळू वाजवला तर बोलत नाही, म्हणून तो कायम जोरातच वाजवला जातो.

अ‍ॅम्पच्या वॅटवरून उगाच भांडणं होतात, तीही थांबवूया. फेंडरचा ट्विन रिव्हर्ब ८५ वॅटचा, डिलक्स रिव्हर्ब २२ वॅटचा. जवळजवळ चौपट ताकद, पण कानाला फरक सुमारे ६ डेसिबलचा. लहान अ‍ॅम्प घ्यायचा तो मुख्यतः त्याचा आवाज लवकर फाटतो म्हणून. हवा तो कुरकुरीत सूर कमी आवाजात मिळतो, ट्विन तिथवर पोचेपर्यंत हॉल सोडायची वेळ आलेली असते.

आता लय. मंचावर अंगात वारं शिरतं आणि मिनिटाला १३२ मात्रांचं गाणं १४० ला सुरू होतं. साडेतीन मिनिटांच्या गाण्यात हे जेमतेम १२ सेकंदांचं अंतर आहे, पण गायकाची श्वासाची जागा जाते आणि तिसऱ्या कडव्यापासून तो ओळींची शेपटं खाऊ लागतो. शब्द कळत नाहीत याचं हे दुसरं कारण, आणि ते मिक्सरवर दिसतच नाही. सेटलिस्टवर प्रत्येक गाण्यापुढे लयीचा आकडा लिहावा, लुकलुकणारा मेट्रोनोम फक्त सुरुवातीच्या चार मात्रांपुरता बघावा आणि मग बंद करावा. पूर्ण वेळ मेट्रोनोमच्या टिकटिकीवर वाजवलं तर उलटी तार म्हणतात ती साखळी जुळवायला जागाच उरत नाही.

आणखी एक. लोक टाळ्या धरतात तेव्हा त्यांच्या मागे जाऊ नये. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. ३० मीटरवरच्या माणसाला ठोका ८७ मिलिसेकंद उशिरा पोचतो, त्याची टाळी परत यायला आणखी तेवढाच वेळ. १२० च्या लयीत ही एक तृतीयांश मात्रेहून जास्त चूक झाली. ड्रमरने ती टाळी कानाआड करायची असते, नाहीतर गाणं प्रत्येक कोरसला बसत जातं.

धुकं

शब्द, शब्द, शब्द. खर्ज, तुमची व्याख्या लावली तर शूगेझ नावाचा अख्खा प्रवाह बाद होतो. तिथे गायकाचा आवाज मुद्दाम गिटारच्या पातळीला, कधी त्याच्याही खाली ठेवलेला असतो. माय ब्लडी व्हॅलेंटाइन या बँडचा केव्हिन शील्ड्स ट्रेमोलोचा दांडा मुठीत धरूनच तारा छेडतो, त्यामुळे प्रत्येक कॉर्ड सुरावरून थोडी वरखाली तरंगते. ते तरंगणं छातीच्या पिंजऱ्यात जाणवायला आवाज मोठाच लागतो. हळू आवाजात तेच वाजवलं तर नुसती बेसूर गिटार वाटते. २००८ च्या दौऱ्यात त्यांनी दारातच इअरप्लग वाटले. मोठा आवाज हा इथे रचनेचाच भाग आहे.

मागची रांग

धुकं, आवाज रचनेचा भाग आहे हे मान्य, पण मग वेळही रचनेचाच भाग धरायला हवा. कामाच्या ठिकाणच्या आवाजासाठी अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-सुरक्षा संशोधन संस्थेचा हिशोब असा आहे: ८५ डेसिबलला आठ तास, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. १०० ला १५ मिनिटं उरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये संगीताच्या जागांसाठी जी मर्यादा सुचवली तीही १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबल अशीच आहे. आधी वाजवणारा सपोर्ट बँड धरून अडीच तास १०३ ला उभं राहायचं आणि त्याला अनुभव म्हणायचं, हे मला मंजूर नाही. जाणकार बँड सेटभर ९५-९६ ला राहतात आणि मोठ्या आवाजाची उसळी एकाच जागी, पाच-सात मिनिटांपुरती ठेवतात. सुरुवातीपासूनच सगळं वर असेल तर उसळायला जागाच राहत नाही.

प्लगबद्दल थोडं सविस्तर, कारण निम्मे लोक चुकीचे वापरतात आणि मग साउंड दबलेला म्हणून तक्रार करतात. फोमचा प्लग वरचे सूर जास्त खातो, म्हणून शब्द जातात. फिल्टरवाले प्लग सगळ्या पट्ट्यांत जवळपास सारखे, १२ ते २० डेसिबल कमी करतात. मैफलीला तेच बरे. फोमच वापरायचा असेल तर बोटांत बारीक वळायचा, दुसऱ्या हाताने डोक्यावरून कान वर आणि मागे ओढायचा, आत सरकवून अर्धा मिनिट दाबून धरायचा. अर्धवट बसवलेला प्लग बेस आत येऊ देतो आणि फक्त शब्द अडवतो, म्हणजे दोन्हीकडून तोटा.

राहिला उलट टोकाचा दाखला. मिनेसोटातल्या डुलुथचा लो हा बँड, १९९३ ते २०२२ मधला. ड्रमला मोजके दोन-तीन भाग, ब्रशने वाजवलेले. सुरुवातीच्या काळात क्लबमधले लोक गप्पा मारत राहिले की ते आवाज चढवण्याऐवजी आणखी उतरवत. बडबड करणाऱ्याला स्वतःचाच आवाज ऐकू येऊ लागतो आणि तो गप्प होतो. हे तंत्र म्हणून शिकण्यासारखं आहे. गोंगाट करणाऱ्या गर्दीवर १० डेसिबल चढवले की गर्दीही ओरडून बोलू लागते, आणि ती चढाओढ बँड कधीच जिंकत नाही.

घुमट

एवढी चर्चा झाली आणि हॉलबद्दल अवाक्षर नाही! बँड तोच, अ‍ॅम्प तेच, सेट तोच, तरी एका हॉलमध्ये जमतं आणि दुसऱ्यात चिखल होतो. नील्स अ‍ॅडेलमन-लार्सन या डॅनिश ध्वनितज्ज्ञाने सहकाऱ्यांसह डेन्मार्कमधल्या २० रॉक हॉलची मोजणी करून २०१० मध्ये निष्कर्ष मांडले. १००० ते ६००० घनमीटरच्या हॉलमध्ये पसंतीला उतरलेल्यांचा निनाद काळ (आवाज थांबल्यावर तो घुमत विरायला लागणारा वेळ) ०.६ ते १.२ सेकंद होता, आणि तो खालच्या पट्ट्यातही तेवढाच आखूड होता. नापसंत ठरलेल्या हॉलमध्ये ६३ आणि १२५ हर्ट्झला घुमणं बरंच लांबलेलं होतं. सिम्फनीसाठी जो सुमारे दोन सेकंदांचा घुमारा गोड लागतो तोच बेस गिटारचे आठ सूर एकमेकांत कालवून टाकतो.

यातला फसवा भाग असा की पडदे, गालिचे, माणसं, सगळे वरचा आणि मधला आवाज शोषतात. खालचा तसाच राहतो. म्हणून रिकाम्या हॉलमध्ये साउंडचेकला चरचरीत वाटलेला मिक्स माणसं भरल्यावर मंद होतो, बेस मात्र तेवढाच घुमत राहतो आणि तुलनेने जड वाटतो. भरलेल्या हॉलच्या पहिल्या गाण्यात साउंडवाल्याने व्होकल (गाणाऱ्याचा आवाज) वर नेण्याआधी बेस आणि किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) २-३ डेसिबल खाली घ्यावेत. हॉल १२५ हर्ट्झच्या आसपास घुमत असेल तर बेसवादकानेही टोनचा खालचा नॉब उतरवून पिकने वाजवावं. सुराची सुरुवात कळली की पुढचा घुमारा कान माफ करतो.

उभं कुठे राहायचं तेही सांगतो. डावीकडे एक आणि उजवीकडे एक सबवूफर (खालच्या सुरांचा स्पीकर) असेल तर बरोबर मधल्या रेषेत बेसचा ढीग साचतो. ६० हर्ट्झची लहर ५.७ मीटरची. दोन्ही सबपासूनच्या अंतरात २.९ मीटरचा फरक पडेल त्या जागी किकचा तळच गायब होतो. म्हणजे “आज बेस नव्हता” म्हणणारा आणि “आज बेसने मारलं” म्हणणारा, दोघेही खरं बोलत असतात, एक जण चार पावलं डावीकडे होता एवढंच. दोन्ही सब मंचाखाली मध्यावर एकत्र ठेवले तर हा घोळ बराचसा मिटतो. बाल्कनीच्या छपराखाली खोलवर उभं राहू नये, तिथे वरचे सूर पोचत नाहीत. आणि मंचाला चिकटून उभं राहिलात तर गाणाऱ्याचा आवाज देणारे स्पीकर तुमच्या मागे किंवा बाजूला राहतात, समोरून येतो तो फक्त अ‍ॅम्प आणि ड्रम. पहिल्या रांगेतल्यांनी व्होकलची तक्रार करताना एवढं ध्यानात घ्यावं.

टेपवेडी

खर्ज यांच्या कसोटीची परीक्षा घेता येते. छोट्या हॉलमधलं मिक्सरवरून थेट घेतलेलं रेकॉर्डिंग ऐका आणि त्याच रात्रीचं प्रेक्षकांतून घेतलेलं ऐका. इंटरनेट आर्काइव्हवर २००२ पासून थेट मैफलींचा संग्रह आहे, काही शोंची दोन्ही प्रकारची रेकॉर्डिंग मिळतात.

मिक्सरवरच्या टेपमध्ये व्होकल डोंगराएवढा असतो, किक असते, आणि गिटार जवळजवळ नसतेच. कारण साधं आहे. गिटारचा अ‍ॅम्प हॉलला स्वतःच पुरत होता, त्याला स्पीकरमधून आणखी द्यावं लागलं नाही, म्हणून ते मिक्सरमधून गेलंच नाही. तिथे प्रत्येक शब्द, प्रत्येक श्वास कळतो. खर्ज यांच्या हिशोबाने हा सर्वोत्तम शो ठरायला हवा. प्रत्यक्षात तो मेलेला लागतो. टाळ्या दूर कुठेतरी, बँड सांगाड्यासारखा. उलट मिक्सरजवळ मध्यावर उभं राहून, दोन माइक १७ सेंटिमीटर अंतरावर ११० अंशांच्या कोनात लावून केलेलं रेकॉर्डिंग घ्या. शब्द निम्मे कळतात, पण दोन गिटार एकमेकींशी कशा बोलतायत ते कळतं, गर्दी कुठल्या ओळीला आत शिरली ते कळतं.

पण याचा फायदा उलटी तार यांनाही देणार नाही. बेभरवशाच्या रात्रींच्या टेपा ढिगाने आहेत आणि त्यांतल्या बऱ्याचशा ऐकवत नाहीत. दहा मिनिटं ट्यूनिंग, अर्ध्यावर सोडलेलं गाणं, मंचावरचं “कुठलं वाजवायचं?” हे कुजबुजणं. हे सगळं टेपवर अगदी स्पष्ट ऐकू येतं.

कॅपो

टेपवेडी यांनी नेमक्या जागी बोट ठेवलं. ७५ मिनिटांचा सेट, १७ गाणी, मधल्या जागा १६. प्रत्येक जागेत ४० सेकंद गेले तर जवळजवळ ११ मिनिटं गेली. १० सेकंदांत आटपलं तर पावणेतीन मिनिटं. वाचलेल्या आठ मिनिटांत दोन गाणी बसतात, आणि मुख्य म्हणजे लोकांना फोन काढायला उसंत मिळत नाही.

इंडीत हा प्रश्न इतर रॉकपेक्षा बिकट, कारण वेगवेगळी ट्यूनिंग हा त्याचा कणा आहे. सॉनिक यूथ या बँडची अनेक गाणी एकेका खास ट्यूनिंगमध्ये लावलेल्या, हाताने बदललेल्या गिटारवर बसवलेली होती. १९९९ च्या जुलैत कॅलिफोर्नियात त्यांचा सामानाचा ट्रक चोरीला गेला तेव्हा वाद्यांबरोबर त्यातली बरीच गाणीही वाजवण्यापलीकडे गेली. एवढी वाद्यं ज्यांच्याकडे नाहीत त्यांनी सेट ट्यूनिंगच्या गटांत लावावा: नेहमीच्या, स्टँडर्ड ट्यूनिंगची पाच, मग एकदाच बदल, मग ड्रॉप डीची (सगळ्यात जाड तार एक सूर उतरवलेली) चार. बदलाच्या वेळी बाकीच्यांनी वाजवत राहायचं, ड्रम आणि बेसवर एखादा ठेका धरून. ट्यूनर आवाज बंद करणारा हवा. “ट्विंग ट्विंग” प्रेक्षकांना ऐकवू नये. तार नेहमी खालून वर चढवून सुरात आणावी, वरून उतरवली तर खुंटीतला ढिलेपणा गाण्याच्या मधे निसटतो. नव्या तारा शोच्या आधल्या दिवशी चढवून ताणून ठेवाव्यात.

फेंडरच्या जॅझमास्टर गिटारवाल्यांसाठी वेगळी सूचना. ही गिटार १९५८ ची, जाड तारांच्या काळातली. ०.००९ इंची पातळ तारा चढवल्या तर जोरात छेडताना पहिली किंवा सहावी तार ब्रिजच्या खाचेतून उडी मारते आणि गाणं तिथेच संपतं. ०.०११ चा संच लावावा, किंवा खोल खाचांचा, मस्टँग गिटारचा ब्रिज बसवावा. आणि ट्रेमोलो असलेल्या गिटारवर एका तारेचा ताण बदलला की बाकी पाचही थोड्या हलतात, म्हणून तिच्यावर ट्यूनिंग बदलत बसूच नये, दुसरी गिटार स्टँडवर तयार ठेवावी.

खर्ज

टेपवेडी यांचा मुद्दा घेतला. शब्द कळणं ही पहिली अट, तेवढ्याने भागत नाही, इथवर मी मागे येतो. धुकं यांच्यासाठीही अपवाद मान्य, तिथे गळा हा गिटारच्या थरांतलाच एक थर आहे. पण उलटी तार यांना एक विचारतो. सेटलिस्टशिवाय वाजवताना पुढचं गाणं कोणतं हे वादकांना कळतं कशाने? कानाने. गिटारवाल्याने सुरू केलेली दोन मात्रांची चाल बेसवाल्याला ऐकूच गेली नाही तर कसली जोखीम आणि कसली साखळी! मंचावर आवाज आटोक्यात नसेल तर बँड ठरलेल्या गाण्यांच्या, ठरलेल्या लांबीच्या आहारी जातो, कारण तेवढंच अंगवळणी असतं. अ‍ॅम्प ६ डेसिबल उतरवणं ही जोखीम घेता येण्याची पूर्वतयारी आहे.

मॉनिटरची (बँडला स्वतःला ऐकू यावं म्हणून मंचावर ठेवलेल्या स्पीकरची) जागाही त्यातच येते. शूर एसएम५८ या माइकला बरोबर मागून सगळ्यात कमी ऐकू येतं, म्हणून वेज (जमिनीवरचा तिरका मॉनिटर) गायकाच्या समोर नाकाच्या रेषेत ठेवावा. शूरच्याच बीटा ५८ए ची बहिरी जागा मागे दोन्ही बाजूंना, सुमारे १२६ अंशांवर आहे, तिथे वेज थोडा तिरका हवा. माइक बदलून वेज तसाच ठेवला की शिट्टी सुरू, मग साउंडवाला मॉनिटर उतरवतो, मग गायक बेसूर होतो. उघड्या माइकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टीआधीची मोकळीक ३ डेसिबलने घटते, तेव्हा जो गात नाही त्याच्यापुढे शोभेचा माइक ठेवू नये.

उलटी तार

ऐकू यायला हवं, हे बिनशर्त मान्य. पण मग कानात इअरपीस घालून, लॅपटॉपवर आधीच रेकॉर्ड करून ठेवलेले थर सोडून वाजवणाऱ्यांचं काय? तिथे मंचावर शांतता असते, ऐकू सगळं येतं, आणि जोखीम शून्य. तिसऱ्या कडव्यानंतर प्रेक्षक पेटलेत, कोरस आणखी आठ मात्रा चालवायचा आहे, पण लॅपटॉप पुढे निघून गेलेला असतो. म्हणून साउंडला मी कारण मानत नाही, सोय मानतो.

ठेका

लॅपटॉपवर सरसकट काट मारू नका. अख्खं गाणं एका पट्टीत सोडण्याऐवजी थर तुकड्यांत कापून ड्रमरने पॅडवर एकेक सोडावा. कोरस वाढवायचा तर तुकडा पुन्हा सोडायचा. इअरपीस वापरणाऱ्यांनी मंचाच्या दोन कोपऱ्यांवर गर्दीकडे तोंड करून माइक लावावेत आणि ते फक्त कानात घ्यावेत, नाहीतर गर्दी गातेय हे बँडला कळतच नाही.

मागची रांग

एक अडलेला प्रश्न. सगळे आदर्श परिस्थितीबद्दल बोलतायत. तिसऱ्या क्रमांकाच्या बँडला साउंडचेकला २० मिनिटं मिळतात. त्यात नेमकं काय करायचं?

खर्ज

किकपासून सुरुवात करू नका. बहुतेकांची १५ मिनिटं किक-स्नेअर-टॉममध्ये जातात आणि व्होकलला पाच उरतात. छोट्या हॉलमध्ये उलट क्रम लावा. आधी फक्त गायक, प्रत्यक्ष शोत गाईल त्या आवाजात. १०० ते १२० हर्ट्झच्या खालचं कापून टाका, शिट्टी देणाऱ्या दोन-तीन जागा शोधून तेवढ्याच अरुंद कापा, वेज आणि हॉल दोन्हींत व्होकल हवा तिथे नेऊन ठेवा. ही झाली छताची उंची. मग ड्रम विना-माइक, मग बेस, मग गिटार. जो कोणी व्होकल झाकेल त्याने खाली यायचं. शेवटी किकला स्पीकरमधून थोडा आधार द्या, स्नेअरला बहुधा लागतच नाही.

गुणगुण ऐकू आली तर गिटारच्या प्लगची अर्थिंगची पिन कधीही काढू नका. ओठ माइकला आणि बोटं तारांना लागलेली असतात, तिथे झटका जिवावर बेततो. डीआय बॉक्सवरचं (वाद्य मिक्सरला जोडणाऱ्या डबीवरचं) ग्राउंड लिफ्टचं बटण वापरा, पेडलना एकाच तारेने माळ न करता वेगळ्या आउटपुटचा पुरवठा द्या. दिवे मंद केल्यावर खरखर वाढत असेल तर ती डिमरची आहे. सिंगल कॉइल पिकअपची गिटार घेऊन जागच्या जागी वळून बघा, एका कोनात गुणगुण जवळजवळ नाहीशी होते. तीच तुमची उभं राहायची दिशा.

ठेका

क्रम पटला, त्यात एक भर. दोनच गाणी वाजवा आणि दोन्ही अर्धीच. आधी सेटमधलं सगळ्यात मोठ्या आवाजाचं, त्याचा फक्त शेवटचा कोरस. मग जे गाणं सेटमध्ये पहिलं आहे ते, पहिल्या कडव्यापर्यंत. त्यानंतर कुणीही कशालाही हात लावायचा नाही, म्हणजे शो सुरू होतो तेव्हा नॉब पहिल्या गाण्याच्याच जागी असतात.

कॅपो

आणि अ‍ॅम्पच्या व्हॉल्यूमच्या नॉबशेजारी पांढऱ्या टेपचा तुकडा चिकटवून त्यावर पेनाने रेघ. मधे बदलाबदलीत दुसऱ्या बँडचा हात लागतोच. हॉल भरल्यावर गिटार कमी वाटली तरी पहिली दोन गाणी त्या रेघेवरच राहायचं, तिसऱ्याच्या आधी साउंडवाल्याकडे बघायचं, त्याने हाताने वर दाखवलं तरच नॉब वर.